वाचक विचारतात : तबली, तार आणि टॅब्लेचर

शास्त्रीय गिटारवर, म्हणजे सहा नायलॉन तारांच्या आणि बोटांनी छेडल्या जाणाऱ्या स्पॅनिश घडणीच्या गिटारवर, अभ्यास करू पाहणाऱ्या सोलापूर परिसरातील वाचकांची पत्रे या अंकात घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : संगीतात एम.ए. करते आहे. पीएच.डी.साठी ‘शास्त्रीय गिटारचा उगम आणि विकास’ हा विषय मनात आहे. सोलापुरात राहून हे काम होईल का? साधने कुठे मिळतील? (विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

काम सोलापुरात राहून होईल, मात्र या विषयावर नव्हे. ‘उगम आणि विकास’ या नावाखाली चारशे पाने भरतात, पण ती आधीच कुणीतरी लिहिलेली असतात. परीक्षक पहिल्यांदा हेच विचारतो की यात तुमचे काय? त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईल इतका विषय लहान करा.

एक उदाहरण घ्या. स्पॅनिश गिटारवादक-रचनाकार फर्नांदो सोर (१७७८–१८३९) याने गिटारसाठी लिहिलेले अभ्यासपाठ मुख्यतः ओपस (रचनाक्रमांक) ६, २९, ३१ आणि ३५ या संचांत आहेत. त्यांतले वीस निवडून विसाव्या शतकातला स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने १९४५ मध्ये स्वतःच्या संपादनाखाली छापले. जगभरचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या सोर शिकले ते या वीस पाठांवरून. पण सेगोव्हियाने बोटांचे आकडे बदलले, काही ठिकाणी स्वरही बदलले. सोर नखांशिवाय वाजवत असे आणि उजव्या हाताच्या अनामिकेचा वापर शक्यतो टाळत असे. १८३० च्या आपल्या पद्धतिग्रंथात त्याने तसे लिहून ठेवले आहे. सेगोव्हिया नखाने वाजवणारा, अनामिका मोकळेपणी वापरणारा. तेव्हा ‘सेगोव्हियाच्या आवृत्तीत सोरचे काय बदलले आणि त्याने नाद कसा बदलतो’ हा प्रश्न झाला. पाठ वीस आहेत, मोजमाप होते आणि काम तीन वर्षांत संपते.

कामाची रीत अशी. प्रत्येक पाठाची जुनी छापील प्रत आणि १९४५ ची प्रत शेजारी ठेवा आणि मात्रागट क्रमांकानुसार तक्ता करा. रकाने पाच : स्वर बदलला, डाव्या हाताचे बोट बदलले, उजव्या हाताचे बदलले, जोर-मंदपणाच्या खुणा घातल्या किंवा काढल्या, स्वराची लांबी बदलली. पाठांचे क्रमांक जुळवूनच सुरुवात करा. सेगोव्हियाचा पहिला पाठ म्हणजे ओपस ६ मधला आठवा, आणि त्याचा लोकप्रिय पाचवा म्हणजे ओपस ३५ मधला बाविसावा. इथे गोंधळ झाला की पुढचा अख्खा तक्ता वाया जातो.

जुन्या छापील प्रतींसाठी परदेशी जायची गरज उरलेली नाही. स्टॉकहोमच्या संगीत आणि नाट्य ग्रंथालयातला बोइये संग्रह आणि कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीतला रिशेल–बिर्केट-स्मिथ संग्रह, दोन्ही फुकट उतरवून घेता येतात. एकोणिसाव्या शतकातल्या गिटारसाहित्याचा मोठा भाग त्यांत सापडतो. आयएमएसएलपी या मोफत स्वरलिपींच्या संकेतस्थळावरही पुष्कळ आहे, मात्र तिथे जुनी प्रत आणि कुणीतरी हल्ली संगणकावर नव्याने लिहिलेली प्रत एकाच पानावर असतात. प्रकाशकाचे नाव आणि प्लेट क्रमांक (छपाईच्या पत्र्याचा क्रमांक) दिसत नसेल तर ती प्रत पुरावा म्हणून वापरू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. सोर कधीच मुक्त झाला. सेगोव्हिया १९८७ मध्ये गेला, त्याचे संपादन २०४७ अखेरपर्यंत हक्काखाली आहे. प्रबंधात त्याचे मोजके मात्रागट उद्धृत करा, पाने उचलून लावू नका.

आपल्या देशातले आधीचे प्रबंध शोधगंगावर पाहा. तिथे ‘गिटार’ शोधल्यावर स्लाइड गिटारवरचे (तारांवर नळी किंवा कांडी सरकवून वाजवतात ती) काम समोर आले तरी ते बाजूला टाकू नका. संदर्भाची पद्धत आणि राहिलेल्या जागा त्यातून कळतात. परदेशी लेखांसाठी गिटार फाउंडेशन ऑफ अमेरिकेचे ‘साउंडबोर्ड स्कॉलर’ हे नियतकालिक चाळा.

नियमांचे थोडक्यात : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे. दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालते. पण खरा अडसर मार्गदर्शकाचा. विषय ठरवून मार्गदर्शक शोधण्यापेक्षा, आपल्या विद्यापीठात संगीत, भौतिकशास्त्र किंवा इतिहास यांपैकी कुठे जागा आणि तयारी आहे ते पाहून प्रश्नाला आकार द्या.

आणखी एक इशारा. कागदावर छापलेले नाव हा पुरावा नसतो. मेक्सिकोच्या मानुएल पोन्से (१८८२–१९४८) याने जुन्या ढंगात लिहिलेला ए मायनरमधला स्वीट (नृत्यचालींची मालिका), सेगोव्हियाने सिल्व्हियस लिओपोल्ड वाइस या बाखच्या समकालीन ल्यूटवादकाचा म्हणून वाजवला आणि ध्वनिमुद्रित केला. वाइस १७५० मध्ये वारला होता. जाणकारही बराच काळ फसले. हस्तलिखित कुठे आहे, कुणी पाहिले, हे विचारायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

प्रश्न : एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी गिटारच्या पेटीचे अनुनाद मोजायचे आहेत. महागडी उपकरणे नाहीत. लॅपटॉप आणि मोबाइलवर भागेल का? (विद्यार्थी, बाळे)

लॅपटॉपवर भागेल, मोबाइलवर नाही. फोनचा रेकॉर्डर आवाज आपोआप वरखाली करतो, ‘गोंगाट’ समजून खालचे सूर कापतो, आणि तुम्हाला हवे आहे ते नेमके खालीच आहे. साधा यूएसबी माइक आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरे.

आधी काय शोधायचे ते. गिटारच्या पेटीला खालच्या पट्टीत दोन ठळक अनुनाद, म्हणजे पेटी आपसूक जोरात घुमते अशा वारंवारता, असतात. पहिला साधारण ९० ते ११० हर्ट्‌झच्या दरम्यान. यात छिद्रातली हवा आत-बाहेर करते. दुसरा साधारण १८० ते २२० च्या दरम्यान. यात वरची फळी, सतारीच्या भाषेत तबली, मधोमध खालीवर होते. हे दोन स्वतंत्र नाहीत. हवा आणि तबली एकमेकींना स्प्रिंगसारख्या बांधलेल्या असल्याने दोघींची शिखरे एकमेकींपासून दूर ढकलली जातात. क्रिस्टेन्सेन आणि व्हिस्टिसेन यांनी १९८० मध्ये या जोडीचे सोपे गणिती प्रारूप मांडले. तुमच्या प्रकल्पाला तेवढा सिद्धान्त पुरेसा आहे.

कृती अशी. सहाही तारा नेहमीच्या सुरात लावा, पण त्यांच्याखाली फडके कोंबून त्या मुक्या करा. तारा काढून मोजू नका. ताण गेला की तबलीचा आकारच बदलतो. गिटार मांडीवर किंवा गादीवर ठेवली की मागची फळी दबते, म्हणून ती मानेच्या टोकापाशी आणि खालच्या बाजूला रबराच्या पट्ट्यांनी टांगा. माइक छिद्रासमोर १० ते १५ सेंटिमीटरवर. ४८,००० नमुने प्रतिसेकंद, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. एमपी३ चालणार नाही. ब्रिजवर (तबलीवर तारा बांधल्या जातात त्या पट्टीवर) तिसऱ्या आणि चौथ्या तारेच्या मधोमध बोटाच्या पेराने किंवा बुचाच्या छोट्या हातोडीने टकटक करा. दहा टकटक, प्रत्येकीनंतर दोन सेकंद थांबून. मग माइक ब्रिजसमोर नेऊन पुन्हा दहा.

ऑडॅसिटीत टकटकीच्या किंचित आधीपासून पाऊण सेकंद निवडा आणि प्लॉट स्पेक्ट्रम, म्हणजे वारंवारतेनुसार आवाजाचा आलेख, काढा. आकार (एका वेळी घ्यायचे नमुने) ३२,७६८ ठेवा. त्यामुळे दोन बिंदूंमधले अंतर ४८,००० भागिले ३२,७६८, म्हणजे सुमारे १.५ हर्ट्‌झ येते. ६५,५३६ घेतल्यावर रेघ अधिक बारीक दिसते, पण टकटकीचा नाद त्याआधीच विरलेला असतो, भर पडते ती नुसत्या गोंगाटाची. विंडो (निवडलेल्या तुकड्याच्या कोणत्या भागाला किती वजन द्यायचे ती निवड) मात्र रेक्टँग्युलर हवी. नेहमी सुचवली जाणारी हान विंडो सुरुवातीचा भाग शून्याकडे दाबते, आणि टकटकीचा सगळा जोर सुरुवातीलाच असतो. पुस्तकात लिहिले आहे म्हणून हान लावणारे विद्यार्थी इथेच अडकतात.

आता पहिले शिखर खरोखर हवेचेच आहे का ते तपासा. छिद्रावर पुठ्ठा घट्ट बसवून पुन्हा टकटक करा. खालचे शिखर नाहीसे होईल आणि वरचे किंचित खाली सरकेल. तसे झाले नाही तर पुठ्ठ्याखालून हवा निसटते आहे, किंवा तुम्ही दुसरेच काहीतरी मोजता आहात.

हे ‘दुसरेच काहीतरी’ आपल्याकडे बहुधा विजेचे असते. भारतात वीज ५० हर्ट्‌झची, तिची दुप्पट १०० हर्ट्‌झ. ट्यूबलाइटचा चोक, ट्रान्स्फॉर्मर, फ्रीज सगळे तिथेच गुणगुणतात. म्हणजे हवेच्या अनुनादाच्या ऐन जागेवर. बरोबर १००.० वर टोकदार सुई दिसली की संशय घ्या. लाकडी पेटीचे शिखर रुंद, काही हर्ट्‌झ पसरलेले असते. पंखा, दिवे, फ्रीज बंद आणि लॅपटॉप बॅटरीवर. पूर्व भागात राहत असाल तर यंत्रमाग बंद असतील ती वेळ निवडा.

दुसरा चोर म्हणजे खोली. साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत ध्वनीची उभी लाट ४९ आणि ९८ हर्ट्‌झला जमते. पुन्हा तीच पट्टी. माइक जवळ ठेवायचा तो याचसाठी. रात्री गच्चीवर मोजलेत तर खोलीचा प्रश्नच मिटतो. वारा नको, इतकेच.

तापमान लिहायला विसरू नका. २० अंशांना हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशांना सुमारे ३५५. जानेवारीच्या पहाटे १०० हर्ट्‌झला मिळालेले शिखर मेच्या दुपारी दोन-तीन हर्ट्‌झ वर दिसेल आणि गिटारला काहीही झालेले नसेल. सोलापुरात ऋतूंमधला फरक मोठा असल्याने हाच प्रकल्पाचा विषय होऊ शकतो : एकच गिटार, बारा महिने, दर आठवड्याला तापमान, आर्द्रता आणि दोन शिखरे. यंत्रसामग्रीपेक्षा चिकाटी जास्त लागेल.

डोळ्यांना दिसणारा पुरावा हवा असेल तर तबलीवर कोरडी, बारीक चहापूड भुरभुरा, खाली छोटा स्पीकर ठेवा आणि शुद्ध सूर हळूहळू चढवा. क्लाड्नीने १७८७ मध्ये वाळू वापरून दाखवलेला हाच प्रयोग. पूड थरथर नसलेल्या जागी गोळा होते. तबलीच्या पहिल्या अनुनादाला ती कडांकडे पळते, वरच्या अनुनादांना मधोमध रेघा पडतात. फोटो बरोबर वरून घ्या आणि वारंवारता फोटोतच लिहा.

प्रश्न : शिसवीच्या पाठीची गिटार महाग का? नाद खरेच चांगला येतो का? (अशोक चौक)

महाग असण्याची कारणे दिसणे, टिकणे, आणि नाव. नादाचा मुख्य भार तबलीवर असतो. आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) याने १८६२ मध्ये हेच दाखवण्यासाठी बाजू आणि पाठ पुठ्ठ्याची, तबली तेवढी उत्तम लाकडाची अशी गिटार बनवली; ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून काटेकोर. एकाच कारागिराच्या सहा गिटार, फरक फक्त पाठ-बाजूंच्या लाकडाचा. ५२ वादकांनी अंधूक उजेडात वेल्डिंगचे गॉगल लावून त्या वाजवल्या. महागड्या ब्राझिलियन शिसवीपासून स्वस्त सापेलीपर्यंत सर्वांना मिळालेले गुण जवळजवळ सारखे निघाले. त्या गिटार पोलादी तारांच्या होत्या, म्हणून निकाल जसाच्या तसा नायलॉनवर चढवू नये. पण ‘शिसवीचा नाद डोळे मिटून ओळखतो’ म्हणणाऱ्यांना हा प्रयोग अवश्य सांगावा.

ब्राझिलियन शिसवीच्या व्यापारावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. आपली दक्षिणेकडची शिसवी २०१७ पासून नियंत्रित यादीत आहे. २०१९ अखेर तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तयार वाद्याला सूट आहे, कच्च्या लाकडाला नाही.

दुकानात पैसे मोजताना पाठीऐवजी तबली पाहा. छिद्राच्या कडेला लाकडाच्या रेषा आत खोलवर तशाच उतरत असतील तर ती अखंड लाकडाची. कडेला थर दिसले तर प्लायवूड.

प्रश्न : एप्रिलमध्ये गिटारच्या तबलीला ब्रिजखाली चीर पडली. वापर नीट होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात वाद्य कसे जपावे? चीर कशाने भरावी? (होटगी रस्ता)

लाकूड लांबीत फारसे हलत नाही, रुंदीत हलते. गिटारची तबली जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाड आणि खालच्या फुगीर भागात सुमारे ३७ सेंटिमीटर रुंद. ५० टक्के आर्द्रतेत जुळवलेली तबली २५ टक्क्यांत गेली की एक-दोन मिलिमीटर आकसू पाहते. पण तिच्या कडा बाजूंना चिकटवलेल्या, आतून आडव्या पट्ट्या बसवलेल्या. आकसायला जागा नाही, म्हणून ती फाटते. सोलापुरात पारा चाळिशीपुढे गेलेल्या दुपारी आर्द्रता बऱ्याचदा तिशीच्या खाली असते, त्यामुळे वापर नीट असूनही असे होते.

चिरेआधी खुणा दिसतात. मानेच्या कडेवरून हात फिरवल्यावर फ्रेटची, म्हणजे धातूच्या पडद्यांची, टोके बोचू लागतात, कारण मानेवरची लाकडी पट्टी आकसली आणि धातू तेवढाच राहिला. तबली खाली बसते, तारा फ्रेटना टेकतात, खरखर येते. पावसाळ्यात उलट : तबली फुगते, तारा उंचावतात, दाबायला जड जातात. यांपैकी काही दिसले तर आधी आर्द्रता बघा, सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासायला लगेच निघू नका.

डिजिटल आर्द्रतामापक आणा आणि तो खोटे बोलत नाही ना ते तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ आणि चार थेंब पाणी घालून ओलसर लगदा करा, मापकासह झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. ७५ टक्के दाखवले पाहिजे. ६९ दाखवत असेल तर मापकावर ‘६ मिळवा’ अशी चिठ्ठी लावा.

गिटार कडक केसमध्येच ठेवायची. साबणाच्या डबीला भोके पाडून त्यात स्पंज, पिळून ओलसर केलेला, थेंब न गळणारा. एक केसमध्ये मानेच्या टोकापाशी, एक बाजूच्या खाचेत. मेमध्ये रोज, मार्चमध्ये दोन दिवसांनी ओला करावा लागतो. केसमध्ये ४५ ते ५५ टक्के राहिले की झाले. पावसाळ्यात स्पंज काढून सिलिका जेल ठेवा.

कूलरचा विशेष धोका. पाण्याच्या कूलरने हवा ओलसर होते म्हणून गिटार त्याच खोलीत उघडी टांगणारे बरेच आहेत. कूलर चालू असताना ७० टक्के, वीज गेली की तासाभरात पुन्हा ३०. ही रोजची ओढाताण एकसारख्या कोरडेपणापेक्षा वाईट.

पडलेली चीर लगेच भरू नका. झटकन चिकटणारे ग्लू तर मुळीच नको. ते लाकडात झिरपून पुढची दुरुस्ती अशक्य करते. तारा अर्ध्या सैल करा, केसमध्ये दोन स्पंज ठेवा, आठवडा-दोन आठवडे थांबा. बहुतेक चिरा स्वतःहून मिटत येतात. मग कारागीर डिंक भरून आतून लाकडाच्या छोट्या चकत्या बसवतो. पंढरपूरमार्गे मिरजेला जाणे होत असेल तर तिथल्या तंतुवाद्य कारागिरांना दाखवा. सतार-तंबोऱ्याच्या तबल्या दुरुस्त करणारे हात तिथे आहेत. मात्र तंबोऱ्याची तूण लाकडाची तबली बरीच जाड असते. गिटारची तबली पातळ आहे आणि आतून पंख्यासारख्या पट्ट्या आहेत, हे काम देण्यापूर्वीच सांगा, नाहीतर चकती पट्टीवरच बसते.

प्रश्न : नायलॉन तारा मऊ वाटतात. त्याच गिटारवर पोलादी तारा लावाव्यात का? (अक्कलकोट)

नाही. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे ४० किलो, पोलादी हलक्या संचाचाही ७० च्या पुढे. ब्रिज उपटून येईल, येताना तबली घेऊन येईल.

प्रश्न : गास्पार सान्झच्या मूळ टॅब्लेचरवरून (रेघा म्हणजे तारा आणि त्यांवर पडद्यांच्या खुणा अशी स्वरलिपी) आजच्या गिटारवर वाजवून पाहिले. स्वर जुळतात पण चाल विचित्र उड्या मारते. वाचण्यात काय चुकते? (पंढरपूर)

दोन शक्यता आहेत. पहिली सोपी : रेघांची दिशा. सान्झचा ग्रंथ (सारागोसा, १६७४) इटालियन पद्धतीचा आहे; त्यात सर्वांत वरची रेघ म्हणजे पाचवी, मांडीवरच्या गिटारीत तुमच्या चेहऱ्याकडची तार. फ्रेंच पद्धतीत उलट, शिवाय आकड्यांऐवजी अक्षरे. आणि विहुएला या जुन्या स्पॅनिश तंतुवाद्याच्या लुईस मिलानने (वलेन्सिया, १५३६) आकडे वापरूनही वरची रेघ पहिल्या तारेला दिली. म्हणून प्रत्येक ग्रंथाची सुरुवातीची सूचना वाचल्याशिवाय एकही स्वर लिहून घेऊ नये.

तुमचे बहुतेक स्वर जुळत आहेत, म्हणजे दुसरी शक्यता खरी. सान्झची गिटार पाच जोडतारांची होती, आणि सुट्या स्वरांच्या वादनासाठी त्याने चौथ्या आणि पाचव्या जोडीला जाड तारा लावूच नयेत असे सांगितले आहे. दोन्ही जोड्या वरच्या सप्तकात. त्यामुळे त्या गिटारवर सर्वांत खालचा स्वर तिसऱ्या तारेवर सापडतो. सान्झ एका स्वरानंतर पुढचा स्वर पाचव्या जोडीवर देतो तेव्हा त्याला चढती सरळ तान हवी असते, प्रत्येक स्वर वेगळ्या तारेवर रेंगाळत, घंटांच्या नादासारखी. या वादनाला कांपानेला म्हणतात. आजच्या गिटारवर तोच स्वर एक सप्तक खाली पडतो आणि चाल कोसळते.

तपासण्यासाठी जुन्या गिटारची पाचवी आणि चौथी तार काढा. पाचवीच्या जागी बारीक तार लावून नेहमीच्या ए पेक्षा एक सप्तक वर, २२० हर्ट्‌झला आणा, चौथीच्या जागी डी २९४ ला. पहिल्या-दुसऱ्या जातीच्या बारीक तारा चालतील. सहावी नुसती मुकी ठेवा. मग तीच ओळ वाजवा. लिप्यंतर करताना टॅब्लेचर, खरा ऐकू येणारा स्वर आणि आजच्या गिटारसाठीचे रूपांतर अशा तीन ओळी वेगळ्या ठेवा. तिन्ही एकाच ओळीत मिसळणे हा या क्षेत्रातला सर्वांत जास्त दिसणारा दोष.

प्रश्न : सतार शिकलो आहे. नायलॉन गिटारवर मींड का येत नाही? ‘रागसंगीतासाठी शास्त्रीय गिटार’ हा संशोधनाचा विषय होईल का? (विजापूर रस्ता)

तार बाजूला ओढली की ताण वाढतो आणि सूर चढतो. किती चढेल ते तार किती ताठर आहे यावर अवलंबून. पोलादाचा ताठरपणा साधारण २०० गिगापास्कल, नायलॉनचा त्याच्या कित्येक पटींनी कमी. तेवढ्याच ओढीने नायलॉनचा ताण जेमतेम वाढतो. सतारीवर एकाच पडद्यावरून पाच सुरांपर्यंत मींड काढता येते. इथे जोर लावून अर्ध्या स्वराच्या आसपास. शिवाय सतारीचे पडदे उंच आणि कमानदार, गिटारचे बसके. शास्त्रीय गिटारवादक कंपनासाठी तार बाजूला न ओढता लांबीच्या दिशेने बोट हलवतात तेही याचमुळे.

म्हणूनच आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार रागसंगीतात आणली ती पोलादी तारांवर, स्लाइडने. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा हाही त्याच वाटेने गेलेला बदल. १९९४ चे ग्रॅमी तिच्यावरच्या वादनाला मिळाले.

‘रागसंगीतासाठी गिटार’ हा विषय म्हणून सैल आहे. मोजता येईल असा एक तुकडा घ्या. उदाहरणार्थ, गिटारच्या पडद्यांवर शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) येतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३८६ वर. १४ सेंटचा हा फरक यमन वाजवणारा वादक दाबाने, नखाच्या जागेने किंवा तार सुरात लावतानाच कसा झाकतो, की झाकतच नाही? सोनिक व्हिज्युअलायझर या मोफत साधनात सूर काढता येतो. पाच वादक, एकच बंदिश, दोन गिटार, तंबोरा चालू आणि बंद. मोजताना नख लागल्याचा पहिला दशांश सेकंद सोडून द्या, कारण छेडल्याबरोबर तार जास्त ताणलेली असते आणि सूर क्षणभर चढा येतो.

प्रश्न : तिसरी तार कधीच सुरात राहत नाही. उघडी बरोबर, वर गेल्यावर चढी. गिटार सदोष आहे का? (बार्शी)

बहुतेकदा तारच. साध्या नायलॉन तारांत तिसरी सर्वांत जाड, सुमारे एक मिलिमीटर, आणि तिच्यावरचा ताण पहिलीपेक्षा कमी. जाड आणि सैल तार काठीसारखी वागते; दाबल्यावर सूर अपेक्षेपेक्षा जास्त चढतो.

आधी गिटार तपासा. नटपासून (खुंट्यांकडची, तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजा. ६५० मिलिमीटरच्या गिटारवर ते ३२५ हवे. पहिला फ्रेट ६५० भागिले १७.८१७, म्हणजे नटपासून ३६.५ मिलिमीटरवर. जुने कारागीर १८ ने भागत. विन्चेन्झो गॅलिलेईने १५८१ मध्ये हाच हिशेब दिला आहे. त्याने बारावा फ्रेट ३२२.६ वर येतो, सूर बारा-तेरा सेंट उतरा पडतो आणि दाबल्याने चढलेला सूर बराचसा भरून निघतो. आज १७.८१७ वापरून सॅडल एक-दोन मिलिमीटर मागे सरकवतात. तुमच्या सॅडलपर्यंतचे अंतर बाराव्या फ्रेटपासून ३२५ पेक्षा थोडे जास्त असेल तर घडण ठीक आहे.

मग बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून हार्मोनिक काढा, नंतर दाबून तोच स्वर काढा, ट्यूनरवर दोन्ही पाहा. पाच सेंटपर्यंतचा फरक सोडून द्या. दहाच्या वर असेल तर तार काढून उलटी बसवा, ब्रिजकडचे टोक खुंटीकडे. नायलॉन तारेची जाडी लांबीभर सारखी नसली तर फरक लगेच बदलतो; तसे झाले की तार टाकून द्या. उलटूनही फरक तेवढाच राहिला तर फ्लुओरोकार्बनची, बाजारात कार्बन म्हणतात ती, तिसरी तार लावा. तिचे वजन घनतेमुळे भरून निघते, म्हणून ती सुमारे पाचव्या हिश्श्याने बारीक असते आणि चढण्याचे प्रमाण स्पष्ट कमी होते. नाद मात्र जरा धारदार येतो, आणि दुसऱ्या नायलॉन तारेशेजारी तो वेगळा ऐकू येतो. तो खटकला तर तिन्ही बारीक तारा कार्बनच्या लावा. नवी तार सुरात स्थिरावायला चार-पाच दिवस घेते, त्याआधी ट्यूनरवरचा आकडा वहीत लिहू नका.